काचेआडचा गाऊन

आमच्या खानावळीत पोटभर जेवून, सोलकढीची दुसरी वाटी संपवून, हात पुसता पुसता मुंबईचा पाहुणा मला हमखास विचारतो, "इथे चांगलं जेवण कुठे मिळतं हो?" पूर्वी मला ते लागायचं. आता कळतं, की बिचाऱ्याला रात्रीच्या जेवणाची काळजी असते आणि समोर मी दिसतो. मीही शिरोड्यापासून देवगडपर्यंतची चार ठिकाणं सांगतो. गल्ल्यावर बसून दुसऱ्याच्या खानावळीची जाहिरात करणारा मालक जिल्ह्यात मी एकटाच असेन.

मालक म्हणजे काय, मी पुढचा माणूस. पंखा लावायचा, पाणी ठेवायचं आणि शेवटी मान वाकडी करून विचारायचं, "जेवण कसं झालं?" मागची बाजू बायकोची. खोबऱ्याचं वाटप, कालवण, तळण, भाकऱ्या सगळं तिचं. कोणी जेवणाची तारीफ केली की ती मी घेतो आणि मीठ जास्त झालं म्हणालं की आत पाठवतो.

तर गेल्या पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसताना, एक चित्रकार आमच्याकडे आठवडाभर राहून गेले. शांत माणूस. दिसेल ते काढायचे. विहिरीचा रहाट काढला, मांजर काढली, मी काढलेल्या झोपेचंही चित्र काढलं. जायच्या आदल्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "तुमचंही एक काढू का?" तिने पेटीतली अबोली साडी काढली, केसात फुलांचा वळेसर माळला आणि पुढच्या ओसरीवर दोन तास अशी ताठ बसली, की मला वाटलं आता सरकारी माणूस येऊन तिला हार घालणार.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या फोनवर त्यांचं आमंत्रण आलं. मुंबईत फोर्टाच्या बाजूला एका गॅलरीत त्यांची चित्रं लागली होती. आमंत्रणावर खाली टिकल्यांएवढी चार-पाच चित्रं छापलेली. त्यातल्या एकात आमच्या मागच्या दाराचा उंबरा ओळखू येत होता आणि त्यावर कोणीतरी बाई बसलेली.

मी आनंदाने ते आमंत्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत मुंबईहून धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, वयनीचा चित्र लागला म्हणे! पण गाऊनात काय रे ती? माका तर गाऊनच दिसता."

फोन स्पीकरवर होता. तव्यावरची भाकरी करपली.

आता हे बाहेरच्याला समजणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडच्या बायका दिवसभर गाऊन घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात आणि त्याच वेषात गावभर कामं करतात. पण गिऱ्हाईक जेवायला बसलं की माझी बायको स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल टाकत नाही. काही लागलं तर कडी वाजवते. अशी बाई मुंबईच्या भिंतीवर, शिकल्यासवरल्या लोकांसमोर, गाऊनात? ती फोनवरचं चित्र दोन बोटांनी मोठं करत राहिली. मोठं केलं की त्याचे नुसते चौकोन व्हायचे.

"चित्रकारांना फोन करून विचारतो," मी म्हणालो.

"काय विचारतलास? माज्या बायलेक कसल्या कपड्यात काडलास, असा?"

"मग फोटो मागवू."

"फोटो नको. माका जावन बघूक व्हया." आणि पुढे म्हणाली, "मी साडी नेसान बसलंय, ता सगळा फुकट गेला काय, ता बघूक व्हया."

लग्नानंतर तिने स्वतःसाठी कुठे जायचं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी ताबडतोब तयारीला लागलो, म्हणजे पाहुण्यांना प्रश्न विचारायला लागलो. मुंबईकर जेवून उठला की मीच विचारायचो, "मुंबईत चांगलं जेवण कुठे मिळतं? आणि चित्रं वगैरे बघायला कुठे जातात?" चित्रांबद्दल बहुतेकांनी आपापल्या बायकोकडे पाहिलं. जेवणाबद्दल मात्र सगळे भरभरून बोलले आणि प्रत्येकाने एखादी मालवणी खानावळच सांगितली.

दिवस ठरवायला विचार करावा लागला नाही. आमच्याकडे सुट्टी सोमवारचीच. कुणकेश्वराचं देऊळ दोन वळणांवर, सोमवार महादेवाचा. त्या दिवशी आमच्या घरात मासा शिजत नाही, आणि माशाशिवाय आमच्याकडे येणार कोण? त्यामुळे बाहेरची सगळी कामं आम्ही वर्षानुवर्षं सोमवारी उरकतो. बँक सोमवारी उघडी, पंचायत उघडी, दातांचा डॉक्टर उघडा. जगात सोमवारी बंद असतं ते फक्त आमचं घर, अशी माझी पक्की समजूत होती. रविवारची शेवटची पंगत उठवून कणकवलीला गाडी पकडायची, सोमवारी मुंबई बघायची, रात्री परत गाडी. मंगळवारी दुपारी पुन्हा बांगडे. मी स्वतःवर खूश होतो.

सोमवारी सकाळी बहीण आम्हाला घेऊन टॅक्सीने गॅलरीशी आली. बायकोने अबोली साडीच नेसली होती. चित्र तसंच असेल तर लोकांना ओळख पटावी, हा हेतू.

गॅलरीचं दार बंद होतं. दारावर पाटी होती. सोमवारी बंद.

मी ती पाटी दोनदा वाचली. एवढ्या मोठ्या मुंबईत आमच्यासारखं वागणारं एकच दुकान निघालं आणि ते नेमकं हे.

"दादा," बहीण म्हणाली, "तू चौकशी केलस मा सगळी?"

"जेवणाची केली."

"मगे जेव."

समोरची भिंत मात्र सगळी काचेची होती. आम्ही काचेला नाकं लावली. आत अंधार, आणि काचेवर रस्त्यावरच्या टॅक्स्या, झाडं आणि आमचीच तीन तोंडं. बहिणीने ओढणी सोडून काचेवर धरली आणि आम्ही तिघं तिच्याखाली शिरलो. जुन्या काळचे फोटोवाले काळ्या कापडात डोकं घालायचे, तसे. डाव्या भिंतीवर ते चित्र होतं. वरचा भाग काळोखात. खाली पायाची बोटं दिसत होती. आणि बोटांच्या वर, जांभळ्या फुलांची किनार.

बायको ओढणीतून बाहेर आली.

"गाऊनच," ती म्हणाली.

बहिणीने काही थट्टा केली नाही. त्यावरून मला परिस्थिती कळली.

वॉचमन खुर्चीवर बसून आमचा तमाशा बघत होता. बायको सरळ त्याच्याकडे गेली आणि आतल्या भिंतीकडे बोट करून आपल्या हिंदीत म्हणाली, "वो अंदर मैं है."

त्याने तिच्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"चाबी साहब के पास है," तो म्हणाला. "कल आ जाइए."

"कल गिऱ्हाईक है."

 मग तोच म्हणाला, "शाम को अंधेरा होने पर अंदर की बत्ती जलाता हूँ. रोज. तब काँच में से सब दिखता है."

आमची गाडी रात्रीची. म्हणजे दिवे लागेपर्यंत दिवस काढायचा होता, आणि तिला आता तो दिवस नकोच होता. "जावंया घराक," ती दोनदा म्हणाली. पण घर पाचशे किलोमीटरवर आणि तिकीट रात्रीचं. मी काही करू शकत नाही अशा प्रसंगी मी जे करतो तेच केलं. म्हटलं, "आधी जेवूया."

फुटपाथवर चित्रकार मंडळी बसली होती, कोणाचंही चित्र लगेच काढून देणारी. एकाने बायकोला खुर्ची दाखवली. "नको बाबा," ती म्हणाली, "एक काडलला हा, ताच अजून धड बघूक गावला नाय."

जेवणाबाबत बहिणीची तयारी होती. "वयनी, हय एक मालवणी थाळी आसा. सुरमई काय गावता!"

"आज सोमार गो."

"मुंबयत कसलो सोमार?"

"देव मुंबयत येणा नाय काय?" बायको म्हणाली. "आणि मालवणी जेवूक माका हय कित्याक येवक व्हया? मी जेवान बघूचा आणि तुमी विचारूचा, तुज्या हाताची चव आसा काय. नको माका ती परीक्षा."

माझी सगळी चौकशी एका वाक्यात पाण्यात गेली. आम्ही एका गुजराती थाळीच्या हॉटेलात शिरलो. त्याची शिफारस एकाही पाहुण्याने केली नव्हती.

तिथे माणूस बसतो न बसतो तोच चार वाढपी चार बाजूंनी येतात. वाटी अर्धी झाली की भरली. बायको आधी बावरली. पंगतीत आग्रह करणं तिला ठाऊक, आग्रह करून घेणं नाही. भाजी आली की ती अर्धवट उठायची, जणू भांडं तिनेच धरायला हवं. खुर्चीवरही ती तिरकी बसली होती, एक पाय बाहेर काढून, हाक आली की निघायच्या तयारीत. डाव्या हाताने ताटाची कड घट्ट धरलेली. मी समोर बसून बघत होतो. आमच्या घरी मी गिऱ्हाइकांबरोबर पुढे जेवतो. ती सगळं आवरल्यावर मागे. ती जेवताना कशी बसते ते मला नवीनच होतं.

मग डाळ आली. गोड. तिने एक घास घेतला आणि थांबली.

"कशी आहे?" मी सवयीने विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली. "गोड वरणाक बरा म्हणतत काय वायट, माका काय ठावक?" आणि तिला हसू आलं. ज्या जेवणाबद्दल तिला मत देता येत नव्हतं असं ते पहिलंच जेवण असावं. ती सावकाश जेवू लागली. बाहेर काढलेला पाय कधीतरी टेबलाखाली गेला.

संध्याकाळपर्यंत आम्ही समुद्रावर बसलो. समुद्र आमचाच, फक्त वास वेगळा. बहीण घरच्या गोष्टी सांगत राहिली. बायको मधूनच म्हणायची, "निदान चांगलो गाऊन तरी काडूचो होतो. त्या गाऊनार कोपराकडे हळदीचो डाग होतो." तिच्या हिशोबाने आता प्रश्न एवढाच उरला होता, की डाग आला आहे की नाही.

दिवेलागणीला आम्ही काचेशी पोचलो. रस्ता काळवंडला होता. वॉचमनने आम्हाला पाहिलं, दाराबाहेरच्या स्विचच्या पेटीत हात घातला आणि भिंत उजळली. काचेवरच्या टॅक्स्या गेल्या, आमची तोंडं गेली.

ती आमच्या मागच्या उंबऱ्यावर बसली होती. जांभळ्या फुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल. मांडीवर ताट. डाव्या हाताने ताटाची कड धरलेली, एक पाय बाहेर, निघायच्या तयारीत. पण तोंड खाली, घासाकडे, आणि त्या तोंडावर कसलीच घाई नव्हती. बाजूला विहीर, पावसाच्या उघडिपीतलं दुपारचं ऊन. अबोली साडीतलं चित्र कुठे गेलं कोण जाणे. हे त्यांनी कधी पाहिलं आणि कधी काढलं, आम्हाला कळलंही नव्हतं.

बहीण म्हणाली, "वयनी, फुलां तरी एकेक करून काडल्यान!"

बायको पुढे सरकली. कपाळ काचेला टेकवून उभी राहिली, इतका वेळ, की मला गाडीची आठवण करून द्यावीशी वाटली, पण मी दिली नाही. मग तिने बोट काचेवर ठेवलं.

"डाग आसा," ती म्हणाली. "बरोबर जाग्यार." आवाजात तक्रार नव्हती. कालवणात मीठ नेमकं पडलं की ती जशी म्हणते, तशी म्हणाली. आणि मग, "मी जेवतंय."

"होय गो," मी म्हणालो.

"माका वाटला, पाणी भरताना नायतर मासे कापताना काडल्यान आसतला. लोक तसाच काडतत." तिने पदराने काचेवरचा आपल्या श्वासाचा डाग पुसला. "तो गाऊन मी फाडून चुलीच्या पुसण्याक घेतलंय. घराक गेल्यार धुवन ठेवतंय."

मी फोटो काढायला फोन वर केला. तिने माझा हात खाली केला. वॉचमनकडे वळून म्हणाली, "हमारे गाव को आव. जेवन को." त्याने हात कपाळाशी नेऊन सलाम केला.

मंगळवारी दुपारी बांगडे झाले, पंगती उठल्या. पुढे एक पुणेकर तेवढे सोलकढी पीत होते. त्यांना मी जेवण कसं झालं ते विचारलं नाही. माझं ताट मी त्यांच्याबरोबर वाढून घेतलं नव्हतं. आता ते वाढून घेऊन मी मागे गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती, ताट मांडीवर. दोरीवर जांभळ्या फुलांचं एक फाटकं फडकं वाळत होतं. मी तिच्या शेजारी बसायला गेलो. उंबरा एकाच माणसाच्या मापाचा आहे हे मला तेव्हा कळलं. माझं कोपर तिच्या आमटीत गेलं.

"काय झाला तुमका?" ती म्हणाली. "पुढे गिऱ्हाईक आसा."

"जेवतोय. तुझ्याबरोबर."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उठा," ती म्हणाली. "चित्रात तुमी नाय होतास."

मी ताट उचललं आणि विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. तिथून ती चांगली दिसते.