सहा सिलिंडर आणि आप्पांची नजर

गाडी आणली त्या दिवशी बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जत्रा भरली. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, त्याखाली सहा सिलिंडरचं इंजिन आणि रंग लालभडक. पंधरा वर्षांची जुनी गाडी, माझ्याआधी दोन मालक झालेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "वकीलबाई, ह्यात भाजी कुठं ठेवणार?" मी म्हटलं, "भाजी रिक्षानं येईल, मी हिच्यातनं येईन."

चव्वेचाळीस वर्षांची, दिवाणी दावे लढवणारी बाई असली गाडी घेते म्हणून कोर्टात महिनाभर चर्चा होती. होऊ दे म्हटलं. माझी हौस, माझं पेट्रोल.

कोल्हापूरच्या बाजूला एक छोटा ट्रॅक आहे. वर्षातून दोनदा तिथं हौशी लोकांना गाड्या पळवू देतात. मागच्या खेपेला एका फेरीला मला एक मिनिट चौतीस सेकंद लागले होते. यंदा दीड मिनिटाच्या आत यायचं, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरी इच्छा वेगळी होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसावं आणि मी गाडी कशी पळवते ते बघावं, एवढंच मला हवं होतं.

आप्पा खानापूर तालुक्यातले शेतकरी, पण लोक त्यांना ओळखतात ते शर्यतीच्या बैलांमुळे. त्या बैलांना वैरण मी घातली, पेंड मी भिजवली, आणि शर्यतीच्या माळावर मात्र मला एकदाही नेलं नाही. बायकांचं तिथं काय काम, हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता, निकाल होता. माझ्या गाडीत बसायलाही त्यांनी दोन वर्षांत तीनदा नकार दिला. "लई बुटकी हाय गं. जमिनीवर बसल्यावानी वाटतंय," म्हणायचे आणि बसस्टँडचा रस्ता धरायचे.

तर यंदा मी गाडीसाठी दीड लाख बाजूला काढले आणि यादी केली. तेरा वस्तू! सगळ्यात वर सायलेन्सर. असा की जांबोटीच्या वळणावर पाय दाबला तर खानापुरात कळावं. त्याखाली मागचा पंख, मोठी चाकं, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग. उद्यमबागेतल्या माझ्या मिस्त्रीनं यादी वाचून कपाळाला हात लावला. "म्याडम, ह्या इंजिनाला टर्बो न्हाय. सेटिंग बदलून मूठभर ताकद वाढंल, तुमाला कळणारबी न्हाय." मी तेवढं एक खोडलं. सायलेन्सर ठेवला.

त्याच आठवड्यात आप्पा डोळ्याच्या तपासणीला बेळगावात आले. मोतीबिंदू काढून महिना झाला होता, त्यामुळे सगळं जग त्यांना नव्यानं दिसत होतं. पार्किंगमध्ये ते गाडीभोवती फिरले, बाजारात जनावराभोवती फिरतात तसे, हात पाठीमागं बांधून. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि रबरात अंगठ्याचं नख दाबलं.

"खुरं वाळल्यात."

"आप्पा, नक्षी बघा की! अजून नव्यासारखी हाय."

"नक्षी ऱ्हाऊ दे. नख रुतत न्हाय."

मी दहा मिनिटं युक्तिवाद केला. मग मोबाईलच्या उजेडात टायरच्या कडेचा छाप वाचला. त्यावर टायर कुठल्या वर्षी झाला ते लिहिलेलं असतं. आठ वर्षांपूर्वीचे टायर! आधीच्या मालकानं गाडी फार चालवली नाही म्हणून नक्षी शाबूत राहिली, पण रबराचं लाकूड झालं होतं. मी हे कधी तपासलंच नव्हतं. समोरच्या वकिलाची तारखेची चूक मी एका नजरेत पकडते, आणि ही माझ्या दारात उभी होती.

आप्पांनी मग डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी हलवली. खालून खट्ट असा आवाज आला. "मागल्या पायात कायतरी सैल हाय." मग माझ्या हातातली यादी घेऊन वाचली. "आन् ह्यो नवा सायलेन्सर कशाला?"

"आवाजाला."

"आवाजानं पळत्यात व्हय? शिंगं आमी बेंदराच्या सणाला रंगवायचो. शर्यतीला न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "तुमाला गाडीतलं काय कळतंय आप्पा?" असं मी पार्किंगमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणाले. ते वर येऊन चहा प्यायले आणि दुपारच्या बसनं गेले. आता हे जन्मात माझ्या गाडीत बसणार नाहीत, असं मला वाटलं, आणि स्वतःच्या जिभेचा इतका राग आला की दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. भांडणाचं नाव नाही. "वजन किती हाय गं तिचं?"

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. गाडीबद्दल आप्पांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न! सांगितलं, जवळजवळ दीड टन. "बाप रे. छकड्यावर आमी एक खिळाबी जादा ठेवत न्हवतो. डिकी उघडून बघ."

त्याच दुपारी मी मिस्त्रीकडे जाऊन डिकी रिकामी केली. आधीच्या मालकानं बसवलेला गाण्याचा भलाथोरला खोका निघाला, तोही बंद पडलेला. ट्रॅकवर नको असलेलं जादा चाक, जॅक, दोन छत्र्या आणि माझ्या अशिलाच्या फायलींचं गाठोडं! एक पैसा न घालता सत्तर किलो उतरले. मिस्त्री म्हणाला, "साकु म्याडम, बास झालं. आता सीटं तरी ठेवा."

आता कामाला रंग चढला. यादी फाडली आणि नवी लिहिली. चार मऊ टायर. मागच्या चाकांना धरून ठेवणारे रबरी बुश, कारण आप्पांनी ऐकलेला खट्ट त्यांचाच होता, पार चिरले होते. ब्रेकचे पॅड आणि ब्रेकचं तेल. शेवटी चाकांची अलाइनमेंट. सायलेन्सरवर काट मारताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू! पण जांबोटीच्या रस्त्याला पहिल्यांदा गाडी काढली आणि बेतानंच एक वळण घेतलं, तेव्हा स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागला. मी एकटीच मोठ्यांदा ओरडले, "अगं बाई!"

ट्रॅकच्या दिवशी आप्पा माझ्या भावाच्या जीपमधून आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. तिसऱ्या फेरीला एक एकोणतीस लागलं. भावानं शिट्ट्या मारल्या. आप्पा नुसते बघत होते. जेवणाच्या सुट्टीत घरच्यांना बसवून फेरी मारायची मुभा होती. मी शेजारचं दार उघडलं आणि थांबले. आप्पांनी टोपी काढून भावाच्या हातात दिली, हेल्मेट घातलं आणि गुडघा धरत हळूहळू आत बसले.

मी जपून नाही चालवली. पूर्ण पळवली. सहाही सिलिंडर कंठ फोडून गात होते, आप्पांनी दाराची मूठ घट्ट धरली होती. मला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती आणि मी इतकी खुशीत होते की डोळे भरून येत होते.

फेरी संपली. गाडी थांबवली. "उतरा आप्पा, हात देते."

"गप बस. त्या डाव्या वळणाला भ्यालीस तू. लई आधी वेग सोडलास. तुला शिकवायचं तरी किती?"

माझ्या भावांना ते शर्यतीवरून आल्यावर असंच झापायचे, तासतासभर. मला आयुष्यात पहिल्यांदा झापत होते.

"चल, परत घे," आप्पा म्हणाले.