कलकत्त्याची वॅगन आणि तारतम्य

"साहेब, तू कलकत्त्याले संत्री पाठवून राहिला का रस?"

पेट्या भरणाऱ्या बायांच्या मुकादम शेवंताबाईंनी कमरेवर हात ठेवून हे विचारलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आमच्या बागायतदार संघाच्या पॅकिंग शेडमध्ये पेट्यांना खिळे ठोकणं चालू होतं. संध्याकाळी नागपूर स्टेशनवर वॅगन लागणार होती. मी ग्रेडिंग सुपरवायझर. ॲग्रीकल्चर कॉलेजातून नुकताच निघालेलो, त्यामुळे अक्कल नुसती उतू चाललेली.

ग्रेडिंग म्हणजे फळं निवडून त्यांची प्रतवारी लावणं. आमच्याकडे गोल भोकांची लाकडी फळी होती. ज्या भोकातून फळ जाईल ती त्याची साइज. मी सगळ्यांत मोठी, केशरी झालेली फळं कलकत्त्यासाठी काढली होती. संघाची पहिलीच वॅगन, गिऱ्हाईक लांबचं, मग माल उत्तम नको?

हा सगळा माल अण्णाजींच्या बागेतला. व्यापाऱ्याला बाग न देता संघावर भरवसा ठेवणारे ते पहिलेच. माल सडला तर त्यांचं वर्ष बुडणार आणि माझी नोकरीही जाणार. माझ्या प्रोबेशनच्या कागदावर मॅनेजर पाठकसाहेबांनी लिहिलं होतं, 'कामात तारतम्य दिसल्यास कायम करावे.' मला वाटायचं, तारतम्य म्हणजे शिस्त. म्हणून मी दिवसभर सगळ्यांवर ओरडत असे.

"काय झालं, बाई?" मी चिडून विचारलं.

बाईंनी रविवारी तोडलेल्या फळांची एक पेटी उघडली. पाचच दिवसांत केशरी फळं मऊ पडून त्यांना पाणी सुटलं होतं. जरा हिरवट तोडलेली मात्र टणक होती आणि आता कुठे रंगाला येत होती.

"वॅगन पोचाले आठ दिस लागते. आता बोल."

"सगळ्या पेट्या उघडा," मी म्हणालो.

शेडमध्ये एकच कल्ला झाला. अण्णाजी धावत आले. "काहून गा? काय करून राहिला हे?"

मी हात जोडले. "चुकलो, अण्णाजी. संध्याकाळच्या आत दुरुस्त करतो."

बाई फळ अंगठ्यानं दाबून बघत आणि ढिगात टाकत. पिकलेलं नागपूरच्या बाजारात, त्याहून टणक जबलपूरला, सगळ्यांत टणक कलकत्त्याला. पाठकसाहेब पक्के संस्कृतवाले. बाह्या सरसावून खिळे ठोकता ठोकता म्हणाले, "अहो, हेच ते तारतम्य! शाळेत लसावि केलात ना? लघुतम साधारण विभाज्य. लघु, लघुतर, लघुतम. दोघांत जास्त ते 'तर', सगळ्यांत जास्त ते 'तम'. तर आणि तम मिळून तारतम्य. कुठे किती हवं, हे ओळखणं."

"म्हणजे शिस्त नाही?"

"छे हो! तुम्ही तर सगळीकडे 'तम'च पाठवायला निघाला होतात."

बाया खो खो हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार. वॅगन निघायला थोडाच वेळ उरला असताना शेवटची पेटी चढली.

पुढचे नऊ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. दहाव्या दिवशी ट्रंक कॉल आला. साहेब 'हॅलो, हॅलो' करून घसा बसेपर्यंत ओरडले आणि फोन ठेवून म्हणाले, "माल एकदम टणक! दुसरी वॅगन मागताहेत!" अण्णाजींनी मला चक्क उचललं. काय आनंद झाला होता!

त्याच दुपारी साहेबांनी पत्र दिलं. ते घेऊन मी थेट शेडमध्ये गेलो. "बाई, मी कायम झालो."

"माह्यामुळं झाला."

"हो, तुमच्यामुळंच."

"मंग आता पेट्या भरताना मधात बोलू नको."

नाही बोललो. मी रिटायर होईपर्यंत आमची एकही वॅगन सडली नाही.