लांडग्यासाठी घेतलेली रायफल

लांडगा माझ्यापासून वीस पावलांवर उभा होता आणि बंदूक उडाली नाही. पुढचं सगळं त्यातून निघालं, म्हणून तिथूनच सांगतो.

साल सत्तावन्न. आमचं शेत केळापूरच्या पुढं, नाल्याच्या अलीकडच्या अंगाला. पलीकडच्या चढावर बंजाऱ्यांचा तांडा, पंधरा-वीस घरांचा. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मागं जमीन माझ्याकडं आली तशी बंदूकही आली. पिकाच्या राखणीसाठी मिळालेल्या परवान्यावरची ती ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, गजानं ठासायचं आणि मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. पावसाळ्यात वडील ती रोज रिकामी करून, पुसून, तेल लावून ठेवत. हवेतल्या ओलीनं दारू मरते, हे ते मला कितीदा तरी बोलले होते. मी सव्वीस वर्षांचा होतो. त्या भादव्यात भरलेली बंदूक मी आठ दिवस तशीच कोपऱ्यात उभी ठेवली. कारण फक्त कंटाळा.

दोन शेळ्या गेल्या होत्या, म्हणून सकाळी बंदूक घेऊन शेताच्या धुऱ्यानं, बांधावरून निघालो. तुरीतून तो बाहेर आला. मोठा नर, पाठीवर काळपट पट्टा, डावा कान मधोमध फाटून दोन्हीकडं लोंबलेला. मी नेम धरला आणि घोडा ओढला. टक्. नुसता टोपीचा आवाज.

तो पळाला नाही. मान वळवून त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग चालत तुरीत गेला. पळाला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं फार वाटायचं. चालत गेला.

घरी बायकोनं विचारलं, "दिसला का?"

"नाही," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी दिवस मावळायच्या सुमारास तांड्यातली एक बाई नाल्यावरून पाणी घेऊन वर चढत होती. डोक्यावर दोन घागरी, मागून तिची पाच वर्षांची मुलगी. मुलगी बडबडत येत होती. बडबड थांबली म्हणून आई वळली. डोक्यावरच्या घागरी सांभाळत वळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच गेला. मागं पायवाट रिकामी होती.

रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस आम्ही सगळे शोधत होतो. मीही होतो, खांद्यावर तीच बंदूक. दुपारी पळसाच्या झुडपांत तिचा एक वाळा सापडला. त्यापलीकडं जे सापडलं ते तिच्या बापानं स्वतःच्या धोतरात गुंडाळलं आणि कुणाला पाहू दिलं नाही.

बाप माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता. त्याची जमीन आमच्या जमिनीला लागून. मी त्याला भाऊ म्हणायचो. तेराव्या दिवसानंतर तो आमच्या अंगणात येऊन बसला. चहा दिला तो तसाच निवत राहिला.

"पाटील, तुमच्यापाशी बंदूक हाये."

"हाये."

"मंग?"

"भरवशाची नाही भाऊ ती."

त्यानं मान हलवली, जणू बैल भरवशाचा नाही असं मी सांगितलं. "मंग भरवशाची घ्या. मी येतो संगं."

एरवी परवान्याला वर्ष लागलं असतं, पण पोर गेल्याचं कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्यानंतर कागद हातात आला आणि आम्ही दोघं पांढरकवड्याहून नागपूरच्या मोटारीत बसलो. बंदुकीच्या दुकानात पोचायच्या आधी मला बोलावंच लागणार होतं. बोललो नसतो तर बंदूक निवडताना त्याच्या शेजारी उभं राहता आलं नसतं. हिंगणघाटला मोटार थांबली, बरेच लोक उतरले, तेव्हा मी सगळं सांगितलं. आठ दिवस भरून ठेवलेली बंदूक, ती सकाळ, ती वीस पावलं.

खिडकीच्या गजाला धरलेला त्याचा हात घट्ट झाला. मोटार सुरू झाली. गाव मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "कसा होता?"

मी सांगितलं. पाठीवरचा पट्टा, फाटका कान.

"कोणता कान?"

"डावा."

"पुन्हा सांगा."

नागपूर येईपर्यंत त्यानं ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. शेवटी म्हणाला, "माह्या बायकोले हे सांगू नका. बंदूक उडाली नाही, हे तिच्या कानावर गेलं नाही पाह्यजे."

दुकान इतवारीच्या बाजूला होतं. दुकानदार म्हातारा, दाढीवाला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यानं आधी दुनळी काढली. नळ्यांवर वेलबुट्टी, लाकूड आरशासारखं. एक नळी चुकली तर दुसरी हाताशी असते, असं त्यानं समजावलं. मला ती आवडली. मग त्यानं एक हलकी बारीक बोअरची रायफल दाखवली आणि स्वतःच बाजूला ठेवली. "ये खरगोश के लिए. भेड़िया इससे जख्मी होगा, मरेगा नहीं."

आता भाऊनं पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला. "ओली झाली तर उडते का?"

दुकानदार हसायला लागला आणि त्याच्याकडं पाहून थांबला. मी हळूच काय झालं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. मग दुनळीचं एक काडतूस आणि आतल्या कपाटातून पितळी कवचाची एक गोळी आणली. दोन्ही पाण्याच्या लोट्यात टाकली आणि आम्हाला चहा मागवला. चहा होईस्तोवर दोन्ही पाण्यातच राहिली. काडतुसाचं कवच पुठ्ठ्याचं. ते पाण्यात फुगून मऊ पडलं, नळीत जाईना. पितळी गोळी त्यानं धोतराच्या सोग्याला पुसली, एक जुनी रायफल काढली, मागच्या अंगणात रेतीनं भरलेल्या हौदाशी आम्हाला नेलं आणि उडवली. मी दचकलो. भाऊ दचकला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो ते पुसतही नव्हता.

रायफल वापरलेली होती. लाकडावर लांब ओरखडा, पट्टा विटलेला. पण गोळी नळीत ढकलणारा बोल्ट मागं-पुढं केला की तेलात बोट फिरवल्यासारखा सरकायचा. पाच गोळ्या आत बसायच्या. भाऊनं ती हातात घेतली, डोळे मिटले आणि दहा-वीस वेळा बोल्ट फिरवून ऐकत राहिला.

"हीच," तो म्हणाला.

दुकानदारानं मला बाजूला घेतलं. "बेटा, इसकी गोली कोस भर जाती है. पीछे मिट्टी दिखे तभी चलाना. आदमी का गाँव है."

घरी आल्यावर मी दर संध्याकाळी ती उघडून पुसू लागलो. वडिलांनी सांगितलेलं सगळं आता करत होतो. भाऊ रोज यायचा, ओसरीवर बसायचा, बोल्टचा आवाज ऐकायचा आणि उठून जायचा. बोल्ट बंद होताना शेवटी एक टक् व्हायचं. तो आवाज माझ्या अंगात शिरला होता. बायकोनं सुपारी फोडली, दाराची कडी लागली, बैलानं खुंट्याला शिंग लावलं, की मान आपोआप वळायची आणि तुरीकडं पाहायला व्हायचं. दिवसाउजेडी, भर उन्हात, शेतात माणसं कापूस वेचत असताना मला वाटायचं, कुणीतरी मान वळवून माझ्याकडं पाहतंय. वेचणाऱ्या बाया हसत-बोलत असायच्या. त्यांच्यातली एखादी बोलता बोलता थांबली की मी वळून पाहायचो.

ती आई वेचायला येत नव्हती. ती तांड्याच्या उतारावर नाल्याकडं तोंड करून बसलेली असायची. घरचं सगळं काम करायची आणि पुन्हा तिथं येऊन बसायची. पाणी आणायला मात्र ती दुसऱ्या वाटेनं जायची आणि डोक्यावर एकच घागर घ्यायची. वळता यावं म्हणून, असं भाऊनं एकदा सांगितलं.

पुसाच्या महिन्यात, थंडीच्या दिवसांत, एका सकाळी तो मला बोलवायला आला. नाल्यात पाऊल दिसलं होतं. आम्ही वाऱ्याच्या उलट्या अंगानं गेलो. ऊन नुकतं पडत होतं. लांडगा पाण्याशी वाकलेला होता, तिरपा, आमच्याकडं पाठ करून. मागं नाल्याची उंच मातीची दरड. दुकानदाराचे शब्द आठवायची गरजच पडली नाही, इतकी माती मागं होती. मी गोळी सोडली. रायफल उडाली, जशी उडायला हवी तशी. तो जागेवर बसला आणि आडवा झाला.

भाऊ पुढं धावला. मी पोचेपर्यंत तो जनावराच्या डोक्यापाशी उकिडवा बसला होता. दोन्ही कान शाबूत होते. टोकदार, शेंड्यापर्यंत अखंड. आणि ती मादी होती.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. तेवढ्यात आवाज ऐकून तांड्यातली माणसं उतारावरून येताना दिसली. सगळ्यांच्या पुढं ती आई होती, धावत. भाऊनं डोक्याचं फडकं सोडलं आणि लांडगिणीच्या तोंडावर, कानांवर टाकलं. टोकं मानेखाली खोचली.

ती आली, धापा टाकत उभी राहिली. "हाच का?"

तिनं मला विचारलं होतं.

"हाच," भाऊ म्हणाला.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग खाली बसली आणि जनावराच्या पोटाला हात लावला. आम्ही जे पाहायचं टाळत होतो ते तिला दिसलं. सड भरलेले होते. तिच्या बोटांना दूध लागलं.

"ही याडी हाये," ती म्हणाली. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मग माझ्याकडं वळून, "पाटील, इचे पिल्लं असतीन कुठंतरी. पाहा. बंदूक नका नेऊ."

गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, पिल्लंही संपवली पाहिजेत. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरकला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नुसते फिरलो. मला सारखं बारीक कुंईकुंई ऐकू यायचं. मी थांबायचो, भाऊ थांबायचा. "आलं का ऐकू?" मी विचारायचो. तो नाही म्हणायचा. तिसऱ्या दिवशी नाल्याच्या वरच्या वळणाला, साळिंदराच्या जुन्या बिळाशी केस आणि हाडकं दिसली. मी आडवा होऊन आत हात घातला. ऊबदार माती, वास, आणि काही नाही.

"पाटील," भाऊ म्हणाला, "इकडं पाहा."

बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीत मोठी पावलं होती. मेलेल्या मादीच्या पावलांहून रुंद. बिळापासून टेकडीच्या जंगलाकडं गेलेली, परत आलेली, पुन्हा गेलेली. चार खेपा मोजता आल्या. शेवटच्या खेपेची कड अजून सुकली नव्हती. नरानं एकेक पिल्लू तोंडात धरून नेलं होतं.

तो फाटक्या कानाचाच असेल, असं पावलांवरून सांगता येत नाही. आम्ही दोघं मात्र तेच धरून चाललो. मी जंगलाकडं पाहिलं. माग ताजा होता, दिवस पुष्कळ होता, रायफल घरी होती आणि घर अर्ध्या मैलावर.

भाऊ तळपायानं पावलं पुसू लागला. एकेक करत, घाई न करता, वळणापर्यंत. मग म्हणाला, "चाला. मले आता कंटाळा आला."

तांड्यावर त्यानं सांगितलं, बीळ रिकामं आहे.

त्यानंतर तो संध्याकाळी ओसरीवर यायचा थांबला. मी रायफल पुसत राहिलो, दर वर्षी परवाना नवा करून घेत राहिलो, पण तिनं पुन्हा काही मारलं नाही. शेळ्या अधूनमधून जात. मूल पुन्हा गेलं नाही. तरी तिन्हीसांजेला कुणाचं पोर माझ्या मागून चालत आलं तर मी त्याला पुढं घालायचो, अजूनही घालतो. नातवंडं हसतात.

चौसष्ट की पासष्ट साली भाऊ आणि त्याची बायको राजूरला खाणीच्या कामाला गेली. एकदा तिकडच्या बाजारात ती भेटली. कडेवर लहान मुलगा, भाऊ कामावर. खुशाली झाली. निघताना तिनं थांबवलं.

"पाटील, खरं सांगा. बीळ रिकामंच होतं का, का तुमी मारले त्यायले?"

"रिकामं होतं. नरानं नेलते पिल्लं. पावलं पाह्यली आमी."

"नरानं," ती म्हणाली.

तिनं कडेवरच्या पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिला सगळं समजलं हे मला कळलं. मोठा नर जिवंत राहिला होता, भाऊनं फडकं त्यासाठीच टाकलं होतं आणि मेलेली मादी मुलीला नेणारी नव्हती, हे त्या एका शब्दात मी सांगून बसलो होतो. मी काहीतरी बोलायला गेलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "याच्या बापाले नका सांगू, मले सांगतलं म्हणून." मग ती भाजीवाल्याकडं वळली आणि वांग्यांचा भाव विचारू लागली.