चार लिटर पाणी

इंग्लंडमधल्या लीड्सचे उल्हास गद्रे बसड्रायव्हर, पण जीव सगळा डोंगरात. सुट्टी मिळाली की मुलाला, कुशला, घेऊन यॉर्कशरच्या टेकड्या गाठायच्या. त्यांचा एकच हेका: सॅकमध्ये रेनकोट आणि सुके मोजे हवेतच. कुशने पाण्याची दुसरी बाटली घेतली की ते खेकसत, "कशाला ओझं? इथे पावलोपावली ओढे आहेत!"

मोठा झाल्यावर कुश नोकरीसाठी अमेरिकेत टूसॉनला गेला. शहर वाळवंटातलं, पण चहूबाजूंनी उंच शिखरं. फोनवर मोडक्या मराठीत म्हणायचा, "बाबा, इथला माउंटन्स एकदम ब्रिलियंट आहे. तुम्ही या ना."

"रिटायर झालो की येतोच."

२००५ च्या जूनमध्ये कुश एकटाच शिखरावर गेला आणि उतरताना उन्हाने कोसळला, तो उठलाच नाही. तिथून त्याची सॅक घरी आली. उल्हासनी ती कुणाला हात लावू न देता उघडली. आत घडी केलेला रेनकोट, सुके मोजे आणि पाण्याची एकच छोटी रिकामी बाटली.

उल्हास अजूनही रविवारी डोंगरावर जातात. भर पावसातसुद्धा पाठीवर चार लिटर पाणी असतं. लोक हसतात. बाटल्या भरलेल्याच परत येतात.

एकदा ते घरी परतल्यावर त्यांचे ओठ पार कोरडे पडलेले पाहून बायको, मनीषा, म्हणाली, "अहो, त्यातलंच दोन घोट प्यायचं ना."

"ते माझं नाहीये!" उल्हास खेकसले.