कोरीटची अकरा पार्सलं आणि माझं बंद झालेलं खातं

चहा गार झाला तर परत मागवू, पण आधी हे ऐका! गाढवपणा सगळेच करतात हो. पण तीन महिने अभ्यास करून, वहीत नोट्स काढून केलेला गाढवपणा तुम्ही कधी पाहिलाय का? मग माझ्याकडे बघा.

तर मी अॅफिलिएट मार्केटिंग करत होते. म्हणजे काय? कुठल्या तरी वस्तूची लिंक टाकायची, त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की आपल्याला कमिशन. किती सोप्पं! एवढं सोप्पं की ते शिकवणारे हजार आणि त्यातून कमावणारे... तेही शिकवणारेच. माझ्या ऑनलाइन गुरूने सांगितलं, "झोपेतसुद्धा कमाई होते." खरंच होती. मी झोपले होते, त्याची होत होती.

बरं, धंद्याची तऱ्हा बघा. तुमची लिंक सकाळी दाबून गिऱ्हाईक पैसे भरायच्या वेळी दुसऱ्याच कुठल्या कूपनवाल्याकडून फिरून आलं, तर कमिशन त्या कूपनवाल्याला. वस्तू परत केली, तर कमिशन गायब. आणि हल्ली तर लोक लिंकपर्यंत येतच नाहीत, प्रश्न विचारला की कॉम्प्युटरच उत्तर देऊन मोकळा!

पण मी हटले नाही. हटायची सोयच नव्हती. आमच्या पप्पांचं नंदुरबारला भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी बजावलं होतं, "दिवाळीलोंग जम्यं तं ठीक, नही तं गुपचूप दुकानवर बस." आणि लिंक देणाऱ्या कंपनीचाही नियम होता, दिवाळीच्या आत दहा ऑर्डर आल्या नाहीत तर खातं बंद. माझ्या किती होत्या? एक. तीही आईची, आणि तिनेही वस्तू परत केलेली!

मग मी ब्रह्मास्त्र काढलं. मिक्सरचा रिव्ह्यू! लिहिलं, "तीन महिने रोज वापरतेय. सुकी मिरची मऊसूत दळतो, ठसका अजिबात नाही." नंदुरबारसारख्या मिरचीच्या गावात याहून भारी काय लिहिणार? हा मिक्सर मी हातात धरला होता का? छे! रिव्ह्यू लिहायला वस्तू लागते हे कोणी सांगितलं तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी जवळच्या कोरीट गावाहून मालतीमावशीचा फोन. मावशी तिथल्या बचत गटाची अध्यक्ष.

"पोरी, ते यंत्र तू खरंच वापरस?"

"रोज, मावशी!"

"आनं ठसका?"

"नावाला नाही!"

"मंग आम्हना गटनं अकरा जनीस्ले जोयजे. कसं मांगावानं, सांग."

अकरा! मी पलंगावर उभी राहिले. व्हिडिओ कॉलवर एक तास शिकवलं. ही लिंक दाब, इथे पत्ता टाक, आता पैसे भर. फोनवरून पैसे भरायला फक्त मावशीला येत होतं, म्हणून सगळ्याजणी तिच्याच फोनवरून. संध्याकाळी खात्यात अकरा ऑर्डर झळकल्या. मी पप्पांना जिलेबी नेऊन दिली आणि म्हटलं, "दुकानासाठी दुसरं माणूस बघा."

चार दिवसांनी दारात टेम्पो.

"मॅडम, अकरा पार्सल हैं. नया दुकान डाला क्या?"

मी मावशीला फोन लावला. "मावशी, सगळी पार्सलं माझ्या घरी कशी?"

"मंग कोठे येतीन? आठे गावमां गाडी येत नही, फाट्यावर हुबं राहनं पडस. बठ्ठ्यास्ना तुन्हाच पत्ता टाकी दिधा, नंबरबी तुन्हाच. तू काय परकी शे का?"

आता यात मावशीचं काय चुकलं? आमच्याकडे खेड्यावरच्या प्रत्येक घराचा एक शहरातला पत्ता असतोच, नातेवाइकाचा. पण कंपनीला हे कोण सांगणार? अकरा मिक्सर, एक फोन, एक पत्ता, एक नंबर. आणि पत्ता कोणाचा? लिंकवालीचा!

दुपारीच मेल आला. "आपण स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी केली आहे. खातं कायमचं बंद." मी भलं मोठं उत्तर लिहिलं, बचत गट, फाटा, मावशी, सगळं. दीड मिनिटात उत्तर आलं, "आम्ही आपल्या प्रकरणाचा सखोल विचार केला आहे." दीड मिनिटात हो! इतका सखोल विचार मी आयुष्यात केलेला नाही.

तेवढ्यात रिक्षा भरून कोरीट उतरलं. मावशीच्या हातात सुक्या मिरचीची पिशवी.

"पहिले तुन्हं यंत्र काढ. तू वापरस ते."

"ते... ते दुरुस्तीला दिलंय."

"रोज वापरस ते? मंग यामधलं एक फोड."

फोडलं. मिरच्या टाकल्या, बटण दाबलं, आणि ठसका नाही या माझ्याच वाक्यावर विश्वास ठेवून झटकन झाकण उघडलं.

अगं आई गं! लाल ढग! अकरा बायका, मावशी, आई, मी, सगळ्या अंगणात. शेजारच्या गच्चीवरचं मांजरसुद्धा शिंकलं, खोटं नाही सांगत.

आमचा आरडाओरडा ऐकून पप्पा दुकानातून धावत आले. नाकाला रुमाल लावून आत गेले आणि मिक्सर घेऊन बाहेर आले.

"हाऊ तं मन्हा दुकानमां शे! तोच डबा, तीच कंपनी!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

"भाऊ," मावशीने डोळे पुसत विचारलं, "तुम्हनाकडे खराब व्हयनं तं?"

"लई येवानं. मी करी दिसू."

"आनं हाई खराब व्हयनं तं कोनकडे लई जावानं? लिंककडे?"

न फोडलेली दहा पार्सलं मावशीने त्याच दिवशी परत पाठवायला लावली. मिरची लागलेला अकरावा माझ्या नशिबी, आता त्याचा रिव्ह्यू मी मनापासून लिहू शकते. पप्पांनी दुकानात दळून दाखवलं, "झाकण लगेच उघडानं नही, धूळ बसू द्यानी," आणि अकराच्या अकरा मिक्सर विकले.

वर मावशीला एक बिडाचा तवा फुकट दिला. कशाबद्दल? "गिऱ्हाईक लई उनी ना ती!"

म्हणजे गिऱ्हाईक आणलं म्हणून बक्षीस! आमच्या अख्ख्या खानदानात अॅफिलिएट मार्केटिंगमधून कमिशन मिळालेली एकच बाई, मालतीमावशी. ना लिंक, ना गुरू, ना रिव्ह्यू.

आणि तो तवा कागदात गुंडाळून द्यायला काउंटरवर कोण होतं, विचारा ना. तेव्हापासून तिथेच आहे. चहा मागवू का अजून? तेवढंच माझ्या हातात आहे, आणि हो, टपरीवाल्याच्या चहात मला काहीही कमिशन नाही.