डाव्या दारानं उतरायचे दिवस

लग्न होऊन पंचवटीत राहायला आले तेव्हा मी परक्या पुरुषाशी दाराआडूनच बोलायची. चौथीपर्यंत शिकले होते, वाचता चांगलं यायचं, पण बोलायची वेळ आली की पदर ओढून आत पळायची. टेम्पोचे मालक घरी आले की मी पडद्याआडून चहाची बशी पुढं करायची. त्यांनी माझा हात ओळखला असता, तोंड नाही.

आमचे हे त्यांचा टेम्पो चालवायचे. थंडी सरत आली की निफाडच्या बागांतली द्राक्षं नाशिकच्या बाजारात आणायची, एरवी मिळेल तो माल. हात चांगला होता त्यांचा. खोड एकच, घाईची. बंदीच्या वेळी मेन रोडला गाडी घालायची, शालिमारला भर रस्त्यात उभी करायची. मग हवालदार लायसन काढून घ्यायचा आणि पावती द्यायचा. पावतीवर कोर्टाची तारीख असायची, आणि त्या तारखेपर्यंत पावतीच लायसन म्हणून चालायची. स्टँडवरच्या ड्रायव्हर लोकांनी यातलं निम्मंच लक्षात ठेवलं होतं. पावती म्हणजे लायसनच, असं सगळे एकमेकांना सांगायचे. हे तर उलट खुशीत.

"ज्याचं लायसन आधीच जमा हाय, त्याचं आता कोण काय जमा करणार?" असं मलाही ऐकवायचे.

पुढच्या खेपेला पकडलं की ऐटीत पावती दाखवायची. हवालदार तिच्यावर दुसरी फाडायचा. सगळ्या पावत्या समोरच्या काचेपाशी देवाच्या फोटोमागं खोचलेल्या. देवाबरोबर त्यांनाही रोज उदबत्ती मिळायची. तारखेला मात्र कोणी जायचं नाही. कोर्टात गुन्हा कबूल केला की थेट आत टाकतात, हीसुद्धा स्टँडवरचीच विद्या.

शेवटी एक शिपाई वॉरंट घेऊन दारात आला. हे घरातच होते, पण पलंगावरून उठले नाहीत. मीच कागद वाचला. उद्या आपल्या पायानं आले नाहीत तर धरून न्यावं लागेल, असं शिपायानं सांगितलं. माणूस बरा होता.

"चला, मी येते बरोबर," मी यांना म्हटलं.

"तू? तू वाण्याच्या दुकानात बोलत नाहीस."

"तिथं मला कुठं बोलायचंय? तुम्ही बोला."

आणि बोलले ते! कोर्टात जज्जसाहेबांनी विचारलं, "इतक्या तारखा गेल्या, आला का नाहीस?" तर हे हात जोडून म्हणाले, "साहेब, पावती होती ना माझ्याजवळ." काळे कोटवाले सगळे हसले. साहेब हसले नाहीत. दंड झाला, तो भरला. वर तीन महिने गाडी चालवायला बंदी. "या मुदतीत चाकावर सापडलास तर कायमचं लायसन जाईल," असंही बजावलं.

द्राक्षं तेव्हा नुकती उतरायला लागली होती.

दुसऱ्याच दिवशी मालक आले. मी पडद्यामागं स्टोव्हला पंप मारत होते.

"कोर्टाचं काय घेऊन बसलास? पहाटे निघायचं, दिवस वर यायच्या आत परत. कोण बघतंय तुला?"

यांनी 'हो' म्हटलं नाही, पण खुंटीवरची चावी काढल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि मी बाहेर आले. कशी आले ते सांगता येणार नाही. स्टोव्हची पिन हातातच होती.

"हे जाणार नाहीत," मी म्हटलं.

मालक माझ्याकडं बघतच राहिले. "वहिनी, माल बागेत उभा आहे."

"असू द्या. तीन महिन्यांनी लायसन परत मिळतंय. आता सापडले तर जन्माचं जाईल. तुम्ही काय, दुसरा ड्रायव्हर बघाल. मी काय दुसरा नवरा बघू?"

मालकांना ठसकाच लागला. हसत हसत म्हणाले, "अरे, ही बोलते की! मग माझी गाडी कोण चालवणार, वहिनी?"

"तुमच्या मेव्हण्याकडं लायसन आहे ना? ते चालवतील. हे शेजारी बसतील, माल चढवतील, उतरवतील."

मालकांना पटलं. यांना नाही. मालक गेल्यावर हे माझ्यावर कडाडले, "मी क्लीनर होऊ? माझ्याच गाडीवर?"

ड्रायव्हर लोकांत याहून मोठा अपमान नाही. ड्रायव्हर मालाच्या पाटीला हात लावत नाही, गाडी धूत नाही, हॉटेलात पहिला चहा त्याचा. मला सगळं माहीत होतं.

"तीन महिने व्हा. नाहीतर जन्मभर," मी म्हटलं आणि भाकरी थापायला बसले.

माझ्याशी अबोला धरला, पण गेले. मेव्हणा गाडी अशी हळू हाकायचा की बैलगाडीनं मागून भोंगा वाजवावा. संध्याकाळी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला की हे क्लीनरच्या बाजूनं, डाव्या दारानं खाली उतरायचे. ओट्यावरचे लोक वाटच बघत असायचे.

"काय ड्रायव्हरसाहेब, आज पण डावीकडून?"

हे खाली मान घालून घरात यायचे. मला वाईट वाटायचं. पण मी माझा शब्द मागं घेतला नाही.

मुदत संपत आली असताना एकदा फार उशीर झाला. मी दारात उभी. टेम्पो आला तर तिसराच कोणी चालवत होता. मेव्हणा मध्ये चादर गुंडाळून, आणि हे नेहमीसारखे डावीकडं. मेव्हणा मलाच सांगू लागला, "ताई, मला बागेतच हीव भरलं. गाडी भरलेली. बागवाला, मी, सगळे म्हणालो, तू चालव, रस्ता मोकळा हाय. हा गडी चाकाला शिवला नाय! पायी निफाडच्या स्टँडवर गेला न् ड्रायव्हर घेऊन आला."

वाटेत त्या दिवशी पोलीस होता का, मी विचारलं नाही. ताट वाढलं. अबोला कधीच संपला होता, पण त्या रात्री जेवताना ते आपणहून म्हणाले, "मालक म्हणाले, गाडी तुझीच. लायसन आण आणि बस."

लायसन आणलं त्या दिवशी काचेपाशी देवाचा फोटो तेवढा राहिला. संध्याकाळी गल्लीत भोंगा वाजला. मी पडदा बाजूला सारून ओट्यावर जाऊन उभी राहिले, सगळ्यांच्या देखत. हे उजवीकडून उतरले. ओट्यावरचा एकही जण काही बोलला नाही, म्हणून मीच म्हटलं,

"काय ड्रायव्हरसाहेब, आज उजवीकडून?"