मचाणावरचे दाजी

आमच्या दाजींइतका आकाशाबद्दल बेफिकीर माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात नसेल. वीज कडाडो, विमान जावो, दाजी मान वर करत नसत. वरून येणारं लांबून दिसतं, त्याला काय भ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना धास्ती होती ती जमिनीला लगटून, बुटकं होऊन येणाऱ्याची. नौदलात, युद्धनौकेवरच्या रडारच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. नव्वद सालानंतर निवृत्त होऊन ते अंथुर्ण्याला शेती करायला आले, ते ती धास्ती ट्रंकेत घालूनच.

घरात ते कायम दाराकडे तोंड करून बसत. तरीही मांजर भिंतीच्या कडेकडेनं येऊन दुधाला तोंड लावून जाईच. माझी बहीण, म्हणजे आमची आक्का, लाटणं घेऊन तिच्यामागे धावे आणि दाजी मात्र कौतुकानं बघत राहत. जहाजावर येणारी क्षेपणास्त्रं अशीच येतात, हे आक्कानं इतक्यांदा ऐकलं होतं की तिनं मांजरीला शिव्या देताना दाजींनाही त्यात धरायला सुरुवात केली होती. कलिंगड आणलं की दाजी आधी त्यावर मुंगी सोडत. अलीकडे बोट टेकवायचं, हे आपलं जहाज. मुंगी पलीकडून सालीला चिकटून येते, त्यामुळे समुद्राचा बाक ओलांडेपर्यंत ती रडारला दिसतच नाही. दिसते तेव्हा पडद्यावर लाटांचेही ठिपके नाचत असतात. त्यातला तिचा कुठला, हे कळेपर्यंत ती दारात. अगदी जवळ आल्यावर फोडली, तरी तुकडे अंगावर यायचेच. एवढं होईस्तोवर कलिंगड कोमट झालेलं असे आणि ऐकणारे पांगलेले.

एका सरावात आपलंच विमान क्षेपणास्त्र बनून पाण्यालगत आलं होतं. पडद्यावर नजर दाजींची होती आणि त्यांना ठिपका ओळखायला उशीर झाला. पंचांनी जहाज बुडाल्याचं जाहीर केलं. जहाज मजेत तरंगत होतं, जेवणाची वेळ झाली होती, मटणाचा बेत होता. दाजींनी ताटाला हात लावला नाही. "समदी हसत जेवली, पावणं," ते मला सांगत, "पन माझ्या हिशेबी समदी मेली व्हती." एवढं सांगताना मात्र ते कलिंगड बाजूला ठेवत.

ज्वारी राखायला गावात सगळेच मचाण बांधतात. दाजींनी बांधलं ते इतकं उंच, की चिमण्या त्याच्या खालून ये-जा करायच्या आणि गोफणीचे दगड पार शेजाऱ्याच्या रानात पडायचे. उंची वाढली की लांबचं दिसतं, हे त्यांचं समर्थन. गावानं त्याला दीपगृह म्हणायला सुरुवात केली. मीही हसणाऱ्यांत होतो.

एका वर्षी हुरड्याला आम्ही बारामतीहून अंथुर्ण्याला गेलो होतो. कणसं भाजून हातावर चोळणं चाललं होतं, गप्पा रंगल्या होत्या, आणि आक्काच्या लक्षात आलं की चिमी दिसत नाही. चिमी म्हणजे त्या दोघांना फार उशिरा झालेली एकुलती एक लेक, नुकती दुडदुडायला लागलेली. ज्वारी पुरुषभर उंच, आणि रानाच्या पलीकडच्या टोकाला बिनकठड्याची विहीर. आक्का हाका मारत ज्वारीत घुसली. मागोमाग आम्ही सगळे, ज्याला जिकडे सुचेल तिकडे ज्वारीची ताटं आडवी करत पळू लागलो. दाजी तेवढे मचाणावर चढले.

वरून आवाज आला. तो दाजींचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही.

"हलू नका कुनी. हाय तितंच हुबं ऱ्हावा."

पोर विहिरीकडे चाललेली असताना जागच्या जागी उभं राहायचं! मला वाटलं, माणूस कामातून गेला. आक्का तोंडात पदर कोंबून उभी राहिली म्हणून मीही राहिलो. आमच्या पळापळीनं सगळं रानच हलत होतं आणि त्यात वरून काही उमगत नव्हतं, हे मला नंतर कळलं. आम्ही थांबलो तसा फक्त वारा उरला. सगळी कणसं एका अंगाला झुकत होती, आणि एकाच ठिकाणी कणसांची थरथर वाऱ्याला आडवी पुढं सरकत होती, ती दाजींना वरून दिसली.

"पावणं, तुमच्या उजव्या हाताला. विहिरीच्या अंगानं. पळा."

मी पळालो. एका करडाच्या मागे मागे, मुठीत हुरडा धरून चिमी चालली होती. पुढे ज्वारी संपत होती आणि विहीर सुरू होत होती. मी तिला उचललं आणि तिथेच मटकन खाली बसलो. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी चक्क रडलो. चिमीनं माझ्या तोंडात हुरडा कोंबला.

दाजी खाली उतरले. त्यांनी चिमीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आक्काकडे बघून म्हणाले, "वाढ काय असंल ते. लई भूक लागलीया." आणि त्या दिवशी दाजी जे जेवले, ते कितीतरी वर्षांचं जेवण होतं.

विहिरीला त्याच महिन्यात कठडा झाला. पुढच्या वर्षी मचाण चारचौघांसारखं बुटकं बांधलं गेलं. दाजी आता दाराकडे पाठ करूनही बसतात आणि कलिंगड आणलं की लगेच कापतात. गारेगार फोड हातात येते, आणि मी उगीच सालीवर मुंगी कुठे दिसते का ते बघत बसतो.